फादरच्या दाराची कडी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून शेअर करू नका. का, ते खाली कळेल.

मागच्या सोमवारी सकाळी सहा-दहाला फोन आला. आपल्या चर्चची झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे मामा बोलत होते. "भाऊ, चर्च फोडलंय. फादर म्हणतात इतक्यात कुणाला सांगू नका, पण मला राहवंना. तुम्ही या."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्यांना माहीत आहे, बाहेरच्यांना गरज नाही.

गेलो. मागच्या खिडकीचे दोन गज वाकवलेले होते. खिडकी जमिनीपासून चांगली आठ फूट उंच, म्हणून इतकी वर्षं सगळे निर्धास्त. पण खाली शिडी उभी होती आणि ती चर्चचीच. नाताळच्या रोषणाईसाठी आणली, काम झालं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवली ती तशीच राहिली. म्हणजे चोराला शिडी आपणच दिलेली. दानपेटी जागेवर नव्हती. ती बाहेर बोरीखाली नेऊन फोडली होती. नोटा नेल्या, एक-दोन रुपयांची चिल्लर तिथेच टाकलेली. शिवाय एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन माईक आणि पितळेचे मेणबत्तीचे दोन मोठे स्टँड गेले.

हे सगळं भरून निघतं. चर्चच्या आत जे झालं होतं ते वेगळं होतं.

वेदीमागे एक छोटी पेटी असते, तिला ते टॅबरनॅकल म्हणतात. शेजारी लाल दिवा अखंड तेवत असतो. मिस्सात अर्पण झालेली पवित्र भाकर त्या पेटीत ठेवतात. आपल्याला ती पातळ पांढरी चकती दिसते, पण त्यांच्या श्रद्धेनं ते ख्रिस्ताचं शरीर आहे. चोरानं पेटी उचकटली, चांदीचा मुलामा दिलेलं भांडं नेलं आणि त्यातली भाकर फरशीवर ओतून टाकली. मी पोचलो तेव्हा फादर गुडघ्यावर बसून एकेक तुकडा पांढऱ्या कापडावर वेचत होते. दारात आठ-दहा बायामाणसं उभी होती. कुणी पेटीत किती पैसे होते ते विचारत नव्हतं. एक आज्जी तोंडात पदर कोंबून रडत होती.

कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो. तुमच्या देव्हाऱ्यातले देव कुणी जमिनीवर फेकले आणि चांदीचं ताम्हन नेलं, तर तुम्ही पोलिसांना ताम्हनाची किंमत सांगाल, पण झोप उडेल ती देव फेकले म्हणून.

मोबाईल माझ्या हातात होता. फोटो काढला. मथळा डोक्यात तयार होता: 'चर्चवर हल्ला, पवित्र वस्तूंची विटंबना.' पोस्ट टाकली असती तर दुपारपर्यंत हजारभर शेअर झाले असते. मी टाकली नाही. माझा संयम मोठा आहे असं नाही. एकदा टाकून बसलो होतो.

ते 2015 साल होतं. देशभर वातावरण तापलेलं होतं. दिल्लीत डिसेंबर 2014 मध्ये दिलशाद गार्डनचं सेंट सेबॅस्टियन चर्च आगीत जळालं होतं. फेब्रुवारीत वसंत कुंजच्या सेंट अल्फोन्सा चर्चमध्ये कुणी घुसून टॅबरनॅकल फोडलं होतं. पोलीस म्हणत होते चोरी, चर्चचे लोक विचारत होते की चोरी असेल तर दानपेटीला हात का लावला नाही. मार्चमध्ये पश्चिम बंगालमधल्या राणाघाटची बातमी आली, तिच्याबद्दल खाली लिहितो. त्याच दिवसांत आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या चर्चमध्ये चोरी झाली. मी सकाळी सातला पोहोचलो आणि सव्वासातला पोस्ट टाकली. 'हल्ला' हा शब्द माझा होता. कुणी सांगितला नव्हता.

दहा वाजता दुकानं बंद झाली. अकराला पोलीस ठाण्यावर तीन-चारशे लोक. आणि बाराच्या सुमाराला काही पोरांनी एका मुलाला धरून बदडलं, कारण रात्री दोन वाजता तो चर्चच्या रस्त्यानं जाताना कुणाला तरी दिसला होता. तो कारखान्याच्या दुसऱ्या पाळीवरून सायकलीनं घरी चालला होता. डाव्या हाताचं मनगट मोडलं. चार-पाच दिवसांनी खरे चोर सापडले. दानपेट्या फोडत फिरणारी तिघांची टोळी. त्याच महिन्यात त्यांनी एक मारुतीचं देऊळ आणि एक दर्गाही फोडला होता. त्या दोन्ही बातम्या मीच केल्या होत्या, चार ओळींच्या, आतल्या पानावर. जोडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. मी 'काय' माहीत नसताना 'का' लिहून मोकळा झालो होतो. त्या मुलाकडे नंतर गेलो. त्याची आई म्हणाली, "तुम्ही नाव कुठं घेतलं होतं साहेब?" खरंय, नाव घेतलं नव्हतं. म्हणूनच कुणाच्याही अंगावर बसलं.

आता दुसरी बाजू. त्या प्रकरणानंतर बरीच वर्षं मी उलट टोकाला गेलो. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, चोरी म्हटलं की 'किरकोळ चोरी'. पोलिसांनाही तेच आवडतं. या सोमवारी ठाण्यात पहिला सल्ला मिळाला तो, "नुसता अर्ज देऊन ठेवा फादर, एवढ्याशासाठी गुन्हा कशाला." फादरही उठायला लागले. "जाऊ द्या, माफ केलं," म्हणाले.

मी त्यांना बसवलं. माफी चोराला द्या, पोलिसांना कशाला? गुन्हा नोंदला नाही तर उद्या ही टोळी पुढच्या गावात सापडली तरी आपलं भांडं आपल्याला परत मिळणार नाही, कारण कागदावर ते गेलेलंच नसेल. शिवाय कायद्यात हे किरकोळ नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरात घुसखोरीची जी व्याख्या आहे, तिच्यात राहत्या घराबरोबर प्रार्थनेची जागाही स्पष्ट शब्दांत आहे. रात्री चोरीसाठी घर फोडलं तर कलम 331 खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. धर्माचा अपमान करण्याच्या हेतूनं प्रार्थनास्थळाची नासधूस केली असेल तर कलम 298 वेगळं आहे. ते लावायचं का, हे हेतू तपासून ठरतं, फेसबुकवर ठरत नाही. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. आणि गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. शेवटी दुपारी अडीचला गुन्हा दाखल झाला. पंचनाम्यात फरशीवरच्या भाकरीचाही उल्लेख करून घेतला. ते महत्त्वाचं होतं.

आकडे दोन्ही बाजूंचे लोक वापरतात, म्हणून एक सांगतो. 2015 च्या त्या गदारोळात दिल्ली पोलिसांनी जाहीर केलं होतं की 2014 मध्ये शहरातल्या 206 देवळांत, 30 गुरुद्वारांत, 14 मशिदींत आणि 3 चर्चमध्ये चोऱ्या झाल्या. यावरून एवढं कळतं की जिथे पेटी तिथे चोर जातो. पण अमुक एका रात्री अमुक चर्चमध्ये कोण आणि कशासाठी घुसलं, हे या आकड्यावरून कळत नाही. ते त्या रात्रीच्या पंचनाम्यातूनच कळतं. 'सगळ्यांकडेच होतं' हे उत्तर नाही आणि 'आमच्यावरच होतं' हेही तपासाआधी उत्तर नाही.

ठाण्यातून परत आलो आणि फादरच्या खोलीत चहाला बसलो. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. फादरना विचारून, त्यांच्या परवानगीनं लिहितोय.

त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूला केसांत एक खपली होती. मी सहज विचारलं, "हे काय?" आधी म्हणाले कपाटाचं दार लागलं. मग गप्प बसले. मग सांगितलं.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री एक वाजता दार वाजलं. बाहेरून आवाज: "फादर, आई शेवटच्या घटका मोजतेय, प्रार्थनेला चला." फादरनी कडी काढली. दोघं होते. एकाच्या हातात कोयता. ढकलत आत आले, मोबाईल घेतला, ड्रॉवरमधले तीन हजार घेतले, कपाटाची चावी मागितली. द्यायला उशीर झाला म्हणून कोयत्याची मूठ कपाळावर बसली. सगळं मिळून दहा मिनिटं. नंतर फादरनी स्वतःच जखम धुतली, पट्टी लावली आणि सकाळी साडेसहाची मिस्सा केली.

"कुणाला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही लोकांनी रात्री दार उघडू दिलं नसतं."

मी म्हटलं, "मग बरोबरच झालं असतं की."

फादर म्हणाले, "माझ्या सव्वीस वर्षांत असे रात्रीचे किती फोन आले, किती दारं वाजली, मोजले नाहीत. सगळी खरी होती. हे एक खोटं निघालं. आता या एकासाठी मी बाकीच्यांना सांगू का, की सकाळी या? मरणारं माणूस सकाळपर्यंत थांबतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

आपण चर्चच्या सुरक्षेचं बोलतो तेव्हा भिंत, खिडकी, पेटी, कॅमेरा यांचं बोलतो. त्या भिंतीआड एक साठीकडे झुकलेला माणूस एकटा राहतो, आणि दार वाजलं की उघडणं हेच ज्याचं काम आहे, त्याचा विचार कुणी करत नाही. गावाबाहेरच्या दवाखान्यात तीन-चार सिस्टर राहतात, त्यांचंही तेच. बाळंतीण आलीय म्हटलं की त्या रात्री-अपरात्री दार उघडणारच. चोराला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बंगल्याला कुत्रा असतो, दुकानाला शटर असतं. इथे फक्त एक आर्जवी वाक्य लागतं.

आता राणाघाट. 14 मार्च 2015 च्या पहाटे नदिया जिल्ह्यातल्या त्या कॉन्व्हेंट शाळेत दरोडेखोर घुसले. पैसे लुटले, आणि सत्तरी ओलांडलेल्या एका सिस्टरवर बलात्कार केला. कॅमेरे होते, त्यात चेहरे आले, आरोपी पकडले गेले. त्यातल्या एकाला तर आपल्या मुंबईतून उचललं. नोव्हेंबर 2017 मध्ये कोलकात्याच्या न्यायालयानं एकाला बलात्कारासाठी जन्मठेप दिली, इतरांना दरोड्याच्या कटासाठी शिक्षा झाल्या. म्हणजे कॅमेऱ्यांनी काम केलं, पण नंतर. त्या रात्री त्या सिस्टरच्या आणि त्यांच्या मधे कॅमेरा उभा राहू शकला नाही.

वॉचमन ठेवा म्हणणाऱ्यांसाठी 2012 ची दोन नावं पुरेशी आहेत. जानेवारीत जुन्या गोव्यात ख्रिस्ती कला संग्रहालयावर दरोडा पडला, पहारेकरी मारला गेला. दोन महिन्यांनी, 24 मार्चला, आपल्या दिवेआगरचा सोन्याचा गणपती गेला आणि देवळाचे दोन पहारेकरी मारले गेले. दिवेआगर सगळ्यांना आठवतं. पण ते दोघं कोण होते, हे गावाबाहेर किती जणांना आठवतं? पासष्टीचा माणूस, चार-पाच हजार पगार, हातात काठी आणि शिट्टी. त्याला सुरक्षा म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधून आपण झोपणं.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. मलाही बोलावलं होतं. निवृत्त झालेले एक हवालदार आले होते, ज्यांनी आयुष्यभर घरफोड्यांचे तपास केले. समोरच्या गॅरेजवाले चाचा होते. मारुतीच्या देवळाचे गुरवही होते, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांचीही पेटी गेली होती.

पोरांचं म्हणणं सरळ होतं: आठ फूट कंपाउंड, वर काचा, आठ कॅमेरे, संध्याकाळी सहाला गेट बंद. दरवर्षी मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला चालत जाणारी एक आज्जी उठली. म्हणाली, "पोरांनो, माझा नवरा गेला तेव्हा रात्री तीनला फादरबाबा आले होते. तुमच्या काचांवरनं कसे आले असते?" पोरं हसली, पण विषय तिथेच जागेवर आला.

मग हवालदारांनी एकेक सांगितलं. यातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याही देवळाला, मशिदीला, विहाराला लागू आहेत, म्हणून लिहितो. काही ठरलेल्या गोष्टी मुद्दाम लिहीत नाही, त्याही का ते कळेल.

चोर रविवारी रात्री का आला? कारण रविवारची पेटी सोमवारी उघडायची सवय सगळ्या गावाला माहीत आहे. आता मिस्सा संपली की लगेच दोघांनी पेटी उघडायची, दोघं एकाच घरचे नकोत, वहीत रक्कम, दोघांच्या सह्या आणि पैसे बँकेत. पेटी भिंतीत बोल्टनं पक्की. आणि दारावर ठळक मराठीत पाटी: 'ही पेटी रोज रिकामी केली जाते.' हवालदार म्हणाले, "चोरालाही वाचता येतं. पाटी सगळ्यात स्वस्त कुलूप आहे."

शिडी, पहार, फावडं, गवंड्यानं ठेवलेल्या सळया, काहीही बाहेर राहणार नाही. खिडक्यांखालची झुडपं काढायची, चोराला आडोसा नको. मागच्या अंगाला माणूस फिरला की लागणारा दिवा. कॅमेरे चारच, पण ज्या यंत्रात चित्रण साठतं ते वेदीमागच्या खोलीत ठेवायचं नाही, कारण चोर जाताना तेच पहिलं उचलतो.

प्रत्येक भांड्याचा, क्रूसाचा, मूर्तीचा फोटो काढायचा, शेजारी फूटपट्टी ठेवून, तळाचा शिक्का किंवा ओरखडा दिसेल असा. सोमवारी पोलिसांनी भांड्याचं वर्णन विचारलं तेव्हा चौघांनी चार उंच्या सांगितल्या होत्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. जुन्या मूर्ती आणि चित्रांसारख्या काही प्रकारांची फोटोसह सरकारी नोंदणी करावी लागते. आपल्या भागातल्या जुन्या चर्चमध्ये मिशनऱ्यांच्या काळातल्या वस्तू आहेत आणि त्यांचा एकही फोटो कुणाकडे नाही. देवळांचंही तेच.

मग आला फादरच्या दाराचा प्रश्न. इथे बैठक तासभर अडली. फादर एका वाक्यावर ठाम होते: "दार बंद राहणार नाही." लोक दुसऱ्या वाक्यावर ठाम होते: "तुम्ही एकटे उघडणार नाही."

आणि बोलता बोलता सगळ्यांच्या लक्षात आलं, की ही दोन वाक्यं एकमेकांच्या आड येतच नाहीत.

ठरलं ते असं. मुख्य दाराबाहेर लोखंडी जाळीचं दुसरं दार. रात्री कुणी आलं की आधी बाहेरचा दिवा, मग आतलं दार उघडून जाळीतून बोलायचं. आलेल्याला अपमान वाटणार नाही, कारण माणूस समोर दिसतो, बोलतो. नाव, वस्ती विचारायची. आणि बाहेर पाऊल टाकायच्या आधी एक फोन. त्यासाठी चौदा घरांची यादी केलीय. रोज रात्री दोन घरं जागती, म्हणजे फोन उशाशी. फादरना कुठेही जायचं असेल तर त्या दोनातला एक जण सोबत जाणार, गाडी त्याची. काही वावगं वाटलं तर 112 लावायचा आणि घंटा वाजवायची. अवेळी घंटा वाजली की विचारत बसायचं नाही, निघायचं. सिस्टरांच्या दवाखान्यासाठी वेगळी सात घरं, त्यात बाया जास्त, कारण बाळंतीण आली तर तिथे बाईच हवी.

चौदा घरांची यादी वाचली तेव्हा त्यात गॅरेजवाल्या चाचांचं नाव पहिलं होतं. गुरवांनी आपलं नाव स्वतः सांगितलं आणि वर म्हणाले, "आमच्याकडे घंटा वाजली तर तुम्हीपण यायचं." मामांनी लिहून घेतलं.

याला खर्च किती? जाळीचं दार, दिवा, पाटी, बोल्ट. कॅमेऱ्यांपेक्षा कमीच. पण एक गोष्ट महाग आहे. आठवड्यातली एक रात्र फोन उशाशी ठेवून झोपायचं आणि रात्री दोनला वाजला तर कूस न बदलता उठायचं. पहिले पंधरा दिवस सगळे उठतील. सहा महिन्यांनी किती उठतील ते बघायचं आहे. मीही यादीत आहे, बुधवार माझा. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून ठेवतोय, उद्या मला कुणी विचारायला हवं.

चोर अजून सापडलेले नाहीत. ते कोण आहेत, कुठल्या धर्माचे, कशासाठी आले, मला माहीत नाही, म्हणून लिहिलं नाही. फरशीवरच्या भाकरीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तपासासाठी पोलिसांना दिला आणि माझ्याकडचा काढून टाकला. कमेंटमध्ये तो मागू नका. आणि नावं घेऊन अंदाज बांधू नका, तशी कमेंट दिसली तर मी उडवणार. मोडलेलं एक मनगट मला पुरे आहे.

तुमच्या गावात एकटे राहणारे फादर, पाळक, सिस्टर, पुजारी, मौलाना, भंतेजी असतील तर आज संध्याकाळी एकदा जाऊन या. चहा घ्या. निघताना विचारा, "रात्री दार वाजलं तर तुम्ही पहिला फोन कुणाला करता?" उत्तर आलं नाही तर तुमचा नंबर लिहून द्या.

जाळीचं दार शनिवारी बसलं. रविवारी रात्री साडेबाराला फादरचा पहिला फोन आला. खरा होता. दलित वस्तीतले एक आजोबा अत्यवस्थ होते. चाचांनी गाडी काढली. आजोबा पहाटे गेले, पण फादर वेळेत पोचले होते.